मैदान गेलं, संघ राहिला: कॉलेज फुटबॉलच्या सरावाला जागा शोधतानाच्या नोंदी

२ ऑगस्ट

कॉलेजच्या मैदानावर नव्या इमारतीचं काम सुरू झालंय. पत्र्याचं कुंपण मधल्या वर्तुळाच्या अलीकडे आलंय. उरलेला तुकडा टेप लावून मोजला: ५८ बाय ३६ मीटर, त्यातही एका कडेला सळयांचा ढीग. दोन हंगामांत मैदान परत मिळेल असं सांगतात, म्हणजे तीन धरायचे. संघ दोन, मुलांचा आणि मुलींचा, प्रत्येकी पंचवीसच्या आसपास खेळाडू. हंगाम तोंडावर आहे.

हीच वेळ दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजवरही येणार, म्हणून नोंदी ठेवतोय. एखाद्या गोष्टीचं पुढे काय झालं तेही त्याच तारखेखाली नंतर भर घालून लिहितोय. खेळाचं तंत्र यात नाही. जागा, वेळ, पैसा आणि डोकेदुखी एवढंच.

५ ऑगस्ट

पहिले दोन दिवस ‘कुणाकडे पूर्ण मैदान आहे का’ असं विचारत फिरण्यात गेले. ते बंद केलं. पूर्ण मैदान असलेला प्रत्येक जण ते आधीच कुणाला तरी देऊन बसलेला असतो, आणि ‘रोज संध्याकाळी दोन तास’ म्हटलं की पुढचं ऐकतच नाही.

मग कागद घेऊन बसलो. दोन संघ, आठवड्याला प्रत्येकी चार सत्रं, सत्र दीड तासाचं. एकूण १२ तास. आता प्रत्येक सत्रात आपण खरं काय करतो ते लिहिलं. अकरा विरुद्ध अकरा, कॉर्नर, लांबचे क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेले चेंडू), बचावफळीची ऑफसाइडची रेषा: याला पूर्ण मैदान लागतं, आणि हे आठवड्यातून एकदाच होतं. पासिंग, चेंडू राखणं, चार विरुद्ध चार, फिनिशिंग (गोलवर शेवटचा फटका): याला अर्धं मैदान पुरतं, कधी त्याहून कमी. चौथं सत्र हलकं असतं, ते सपाट पृष्ठभागावर कुठेही होईल.

म्हणजे पूर्ण मैदान लागतं ते आठवड्याला ३ तास. बाकीचे ९ तास लहान जागांवर भागतात. हा हिशेब हाती आल्यावर बोलणी बदलली. ‘आम्हाला मैदान द्या’ ऐवजी ‘गुरुवारी संध्याकाळी ५ ते साडेसहा अर्धी बाजू द्याल का’ असं विचारलं, तर माणूस निदान वही उघडून बघतो.

९ ऑगस्ट

पाहणीला निघताना पिशवीत काय असावं ते आता ठरलंय: ५० मीटरची टेप, सुतळी, चार खुंट्या, पंप आणि गेज, सामन्याचा एक चेंडू, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, पाण्याची बादली. फोनवरच्या नकाशात अंतर मोजून जागा ठरवू नका. नकाशा भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतो. झाडाची मुळं, गटाराची कड, प्रेक्षकांची पायरी, जमिनीतून वर आलेला पाण्याचा कॉक, यातलं काही त्यात दिसत नाही. एक जागा नकाशात १०० मीटर भरली, प्रत्यक्षात धड खेळता येईल अशी लांबी ७४ निघाली.

मोठ्यांच्या फुटबॉलच्या नियमांप्रमाणे मैदान लांबीला ९० ते १२० आणि रुंदीला ४५ ते ९० मीटर चालतं. आंतरराष्ट्रीय सामन्याला १०० ते ११० आणि ६४ ते ७५. सगळीकडे ऐकू येणारा १०५ बाय ६८ हा आकडा शिफारशीचा आहे, सक्तीचा नाही. जागा शोधणाऱ्याने हे पाठच करावं, कारण ‘एवढंसं मैदान कसं चालेल’ म्हणून आमच्याच लोकांनी दोन बऱ्या जागा आधी नाकारल्या होत्या.

चेंडूत हवा नेमकी भरून न्यायची हेही लिहून ठेवतो. मऊ चेंडू कुठलंही मैदान चांगलं दाखवतो.

१२ ऑगस्ट

शाळेचं मैदान. सर्वात जवळ, चालत दहा मिनिटं. भाडं नाममात्र, मुख्याध्यापिका बाई स्वतः खेळाडू होत्या, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. अडचण एकच, पण मैदानाच्या अगदी मधोमध: क्रिकेटची सिमेंटची खेळपट्टी. २२ यार्ड म्हणजे २०.१२ मीटर लांब, कडा जमिनीपासून दोन बोटं वर आलेल्या. वर मॅट अंथरून भागेल असं कुणीतरी सुचवलं. करून पाहिलं. मॅट सरकते, चेंडू तिच्यावरून घसरत जातो, आणि कड दिसेनाशी होते. उघडी कड निदान दिसते तरी. मॅट गुंडाळून परत दिली.

मग मैदानाचे दोन भाग केले. खेळपट्टीपासून दोन्ही बाजूंना ४ मीटर सोडून शंकू लावले आणि प्रत्येक बाजूला ४० बाय ३० चा चौकोन आखला. एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला मुली, एकाच वेळी. नऊपैकी सहा तास इथे बसतात. मधल्या सिमेंटवर पाण्याच्या बाटल्या आणि सॅका ठेवतो, म्हणजे त्या पट्ट्यात कुणी धावत शिरत नाही.

१६ ऑगस्ट

अॅथलेटिक्सचं स्टेडियम. हिरवळ बघून मुलं खूश झाली. मी घरी येऊन गणित मांडलं.

४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकची सरळ बाजू ८४.३९ मीटर असते आणि वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या ३६.५ मीटर. म्हणजे आतली रुंदी ७३. त्यात १०५ बाय ६८ बसतं, पण मैदानाचे चारही कोपरे वळणात घुसतात आणि कॉर्नर फ्लॅगपासून ट्रॅकची कड जेमतेम १ मीटरवर येते. पूर्ण वेगात धावणारा विंगर (कडेने खेळणारा) एका मीटरमध्ये थांबत नाही. तो ट्रॅकच्या उंच कडेवर जाऊन आदळणार. तेच मैदान १०० बाय ६४ आखलं की कोपऱ्यातलं अंतर साडेतीन मीटरच्या वर जातं आणि बाजूला साडेचार मीटर सुटतात. आम्ही १०० बाय ६४ घेतलं. आंतरराष्ट्रीय किमान मापात बसतं, आणखी काय पाहिजे?

दुसरी गोष्ट गणितात येत नाही, ती पायाला कळते. याच हिरवळीवर भालाफेक, थाळीफेक आणि हातोडाफेक चालते. हातोडा पडतो तिथे वाडग्याएवढा खड्डा होतो आणि गवत त्याच्यावर झुकून तो झाकून टाकतं. एका गोलच्या उजव्या अंगाला असे खड्डे एकाशेजारी एक आहेत. सराव सुरू होण्याआधी सगळ्यांनी हातभर अंतरावर रांगेत उभं राहून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचं, खड्डा लागला की बादलीतली माती भरून पायाने दाबायची, असा नियम केला. पाच मिनिटं जातात. ती वॉर्मअपमध्ये धरली.

व्यवस्थापकांच्या अटी दोन. फेक चालू असताना आत पाऊल टाकायचं नाही, ही मान्यच होती. दुसरी, स्टडचे (तळव्याला खुंट्या असलेले) बूट घालून सिंथेटिक ट्रॅक ओलांडायचा नाही. जिमखान्यातल्या जुन्या रबरी मॅट ट्रॅकवर टाकून वाट केली. त्या मॅट नेणं-आणणं हे आता दोन ठरावीक खेळाडूंचं काम. ते काम ‘सगळ्यांचं’ होतं तेव्हा मॅट गेटपाशीच पडून राहायच्या.

२० ऑगस्ट

कृत्रिम टर्फ. यावर सर्वात जास्त पैसा आणि सर्वात जास्त आशा खर्च झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

जाळीने बंद केलेली पाच-पाच जणांची टर्फं भरपूर मिळतात, पण संघाच्या सरावाला ती अर्धवट पडतात. चेंडू बाहेर जातच नाही, त्यामुळे खेळाडूला भिंतीची सवय लागते. आठवड्याभरात आमचा लेफ्ट बॅक मैदानावरही चेंडू रेषेपलीकडे मारून तो परत येण्याची वाट बघताना दिसला. मोठं टर्फ शहराच्या दुसऱ्या टोकाला एकच मिळालं.

तिथे चेंडू २ मीटर उंचीवरून सोडून पाहिला. फिफाच्या ‘क्वालिटी’ दर्जाच्या टर्फवर तो ६० सेंटिमीटर ते १ मीटर उसळायला हवा. भिंतीवर खडूने खुणा केल्या, एकाने चेंडू सोडला, दुसऱ्याने फोनवर चित्रण केलं. कडेला ८० च्या आसपास. पेनल्टीच्या ठिपक्यापाशी आणि गोलच्या तोंडाशी मीटरच्या वर. खाली वाकून बोटं खुपसली तर कारण कळलं: तिथले रबराचे दाणे खेळून खेळून बाजूला गेलेत आणि धागे आडवे झालेत. मालकांना दाखवलं. त्यांनी ब्रश फिरवून दाणे पसरून दिले, तेवढं बरं झालं. दाणे कमी असलेलं टर्फ म्हणजे हिरवा रंग दिलेली फरशी. गोलकीपरने तिथे अंग टाकू नये.

ऊन हा दुसरा मुद्दा. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून तापमान मोजायची बंदूक मागून आणली. दुपारी ३ ला सावलीत ३३ अंश. बाहेरच्या साध्या गवतावर ३७. टर्फवर ६१. पाणी मारलं की झर्रकन उतरतं आणि पाणी सुकलं की पुन्हा चढतं. स्वस्त मिळतो म्हणून घेतलेला दुपारचा स्लॉट त्याच दिवशी सोडला. आगाऊ भरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

बुटांचाही खर्च धरा. गवतावरचे लांब ब्लेडचे स्टड टर्फमध्ये रुततात, पाय तिथेच राहतो आणि गुडघा फिरतो. टर्फला आखूड आणि जास्त संख्येने स्टड असलेला तळवा लागतो. प्रत्येकाकडे दोन जोड नसतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात अर्धा संघ साध्या पळायच्या बुटांत खेळला.

२७ ऑगस्ट

टर्फवर पोचलो तर आत कुणाचा तरी खासगी कार्यक्रम. ‘कळवायचं राहून गेलं.’ दोन बसभर पोरं गेटबाहेर. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत धावून परत आलो. बसचं भाडं गेलं, सत्र गेलं.

त्या रात्री करारात एक ओळ घातली: रद्द करायचं असेल तर ४८ तास आधी, नाहीतर पुढचं सत्र फुकट. त्यांनी सही केली. तोंडी बोलणं झालं होतं तेव्हा ते आमच्यापेक्षा जास्त गोड बोलत होते.

३ सप्टेंबर

प्रवास मोजायला हवा होता तो आता मोजतोय. टर्फला जायला ४० मिनिटं, यायला ४०, बस लावणं आणि हजेरी धरून आणखी पंधरा. दीड तासाच्या सरावासाठी तीन तासांवर वेळ जातो. सकाळी प्रॅक्टिकल असलेली मुलं त्यामुळेच गळाली. हजेरीची वही बघितली तर शाळेच्या मैदानावर बावीस-तेवीस, टर्फवर पंधरा-सोळा. टर्फचं तासाचं भाडं शाळेच्या सहापट आणि त्यात वापरणारे कमी. यावर क्रीडा विभागाच्या बैठकीत मी टर्फ आठवड्यातून एकदाच, तेही पावसामुळे स्टेडियम बंद असेल तेव्हाच, असं मांडलं. एक सर म्हणाले, ‘‘पण टर्फवर फोटो चांगले येतात.’’ येतात खरे.

८ सप्टेंबर

दिवस लहान होत चाललाय. स्टेडियमच्या संध्याकाळच्या स्लॉटसाठी दिवे बघितले.

युरोपात पाळलं जाणारं ईएन १२१९३ नावाचं मानक आहे. फुटबॉलसाठी त्यात तीन वर्ग: मोठ्या स्पर्धांना सरासरी ५०० लक्स (पडणारा प्रकाश मोजायचं एकक), मधल्या पातळीला २००, साध्या सरावाला ७५. सोबत प्रकाश किती सारखा पडतो तेही बघतात: सर्वात अंधाऱ्या जागेचा आकडा भागिले सरासरी. सरावाच्या वर्गाला हे प्रमाण निदान ०.५ हवं. फोनमधलं अॅप दर वेळी वेगळंच सांगत होतं, म्हणून प्रयोगशाळेतलं लक्समीटर आणलं आणि अर्ध्या मैदानावर दहा-दहा मीटरवर शंकू ठेवून जमिनीपाशी आकडे घेतले.

सरासरी ९६. वाटलं जमलं. सर्वात कमी २२, डाव्या कोपऱ्यात, कारण त्या खांबावरचे दोन दिवे बंदच आहेत. २२ भागिले ९६, म्हणजे ०.२३. गोलकीपरने दोन क्रॉस सोडल्यावर तक्रार केली होती की चेंडू उजेडातून अंधारात जाताना मध्येच नाहीसा होतो. तेव्हा मी त्याला जागा चुकतेय म्हणून बोललो होतो. आकडे बघितल्यावर जाऊन सांगितलं, तुझं बरोबर होतं.

दिवे दुरुस्त होईपर्यंत दिव्यांखाली फक्त जमिनीवरचे पास. उंच चेंडू सूर्य असेपर्यंत. व्यवस्थापकांना तोंडी तक्रार न करता आकड्यांचा कागद दिला, खांबांचं चित्र काढून. दहा दिवसांत एक दिवा लागला.

१४ सप्टेंबर

वीज कडाडली. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मैदानावर जायचं नाही, हा नियम. पंचविसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडलं, घड्याळ पुन्हा शून्यावर. सत्र रद्द. यावर वाद नाही.

१७ सप्टेंबर

पावसाने शाळेचं मैदान कसं आहे ते दाखवलं. मधला भाग दोन तासांत कोरडा, गोलच्या तोंडाशी मात्र घोटाभर तळं, आणि ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तसंच.

स्क्रूड्रायव्हर काढला. मधल्या भागात तो हाताच्या जोराने मुठीपर्यंत गेला. गोलच्या तोंडाशी दोन इंचांवर थांबला. तिथे फूटभर खोल खड्डा खणला, पाणी भरलं, मुरू दिलं, पुन्हा भरलं आणि पट्टी उभी करून पातळी बघितली. तासाभरात बोटभरसुद्धा उतरली नाही. माती सपाट नव्हे, बशीसारखी खोल झालेली आणि दाबून दाबून घट्ट. रोज फिनिशिंगचा सराव त्याच दोन गोलांवर, त्याच सहा मीटरांत. आमच्या आधी शाळेच्या पोरांनीही तेच केलेलं.

घाईत त्या तळ्यात वाळू टाकली. चिकट मातीवर थोडी वाळू टाकली की ती निचरा करत नाही, मातीत मिसळते, आणि ऊन लागल्यावर तिचं काँक्रीट होतं. चार दिवसांनी तिथे स्टड वाजत होते. वाळूचे पैसे, ती उचलून बाहेर काढायची मजुरी, दोन्ही आमच्याच अंगावर.

शाळेचे माळीकाका हे सगळं पायरीवर बसून बघत होते. त्यांनी विचारलं, ‘‘सर, ते गोल हलत नाहीत का?’’

हलतात. सरावाचे गोल सुटे आहेत, अॅल्युमिनियमचे. ते कायम मैदानाच्या टोकाला, ‘गोल जिथे असतो तिथे’ ठेवायची गरजच नव्हती. आता ते दर आठवड्याला जागा बदलतात: एकदा बाजूच्या रेषेवर आडवे, एकदा कोपऱ्यात तिरके, एकदा पाठीला पाठ लावून मैदानाच्या मध्यावर. गोलकीपरचं उडी मारायचं काम तर गोलशिवायच, दोन शंकूंमध्ये, दर वेळी वेगळ्या तुकड्यावर. जुन्या तोंडाशी काकांनी बागकामाच्या काट्याने भोकं पाडली: काटा वीतभर आत, किंचित मागे ओढायचा, बाहेर काढायचा, हातभर सरकायचं. मी शेजारी दुसरा काटा घेऊन अर्धा तास केलं आणि दोन दिवस पाठ धरली. मग बशी भरेल एवढी, आधीच्या मातीसारखीच माती, कडेपेक्षा थोडी उंच, वर गवताचे ठोंब, आणि दोरी बांधून बंद.

काका म्हणाले, ‘‘महिनाभर कुणी पाय ठेवायचा नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मुलं ऐकणार नाहीत.’’ ते म्हणाले, ‘‘मुलं ऐकतात हो. तुम्हीच चेंडू आणायला जाता.’’

२३ सप्टेंबर

स्टेडियमवर आखणी. ही जोडीने करायची गोष्ट आहे, एकट्याने करू नका.

आधी लांबीची एक रेषा सुतळीने ताणली. कोपऱ्यात काटकोन मिळवायला ९, १२ आणि १५ मीटरचा त्रिकोण. लहान, म्हणजे ३-४-५ चा त्रिकोण घेऊ नका. कोनात एका अंशाची चूक झाली तर ६४ मीटर लांब जाईपर्यंत ती मीटरच्या वर जाते. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. १०० बाय ६४ चा कर्ण ११८.७३ मीटर यायला हवा. आमचा एक ११८ च्या खाली, दुसरा ११९ च्या वर. म्हणजे चौकट तिरकी. खुंट्या उपटल्या, पुन्हा सुरुवात. दुसऱ्यांदा फरक चार बोटांवर आला, तिथे थांबलो.

फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) कसली वापरताय ते बघा. बांधकामाचा चुना स्वस्त मिळतो म्हणून एका स्थानिक स्पर्धेत तो वापरलेला मी पाहिलाय. तो ओला झाला की कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर फारच वाईट, आणि गोलकीपर त्या रेषेवर तोंड घेऊन पडत असतो. आम्ही कॅल्शियम कार्बोनेटची पूड आणली. रेषा १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, नियमातही तसंच आहे आणि पूडही वाचते.

पूर्ण आखणी दर आठवड्याला परवडत नाही. म्हणून चार कोपरे, मध्यरेषेची दोन टोकं आणि पेनल्टी क्षेत्राचे कोपरे, या जागी बाटलीची रंगीत झाकणं मोठ्या खिळ्याने जमिनीसरशी ठोकली, डोकं वर अजिबात राहणार नाही अशी. पुढच्या वेळी टेप काढायची नाही, झाकणं शोधायची. मधल्या रेषा शंकूंवर भागवतो. भालाफेकवाल्यांना आधी विचारलं होतं. विचारलं नसतं तर ती दुसऱ्या दिवशी उपटली गेली असती.

२६ सप्टेंबर

सुटे गोल हलवायला लागल्यापासून एक धोका वाढला. आज वाऱ्याने एक गोल पुढे कलला. खाली कुणी नव्हतं. सुटे गोल अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना जगभर झाल्यात, त्यामुळे हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नियमातही लिहिलंय की गोल, सुटे असले तरी, जमिनीला पक्के हवेत. आता मागच्या आडव्या नळीवर वाळूची पोती (ती उचललेली वाळू अखेर कामी आली) आणि दोन्ही बाजूंना खिळे. सराव संपला की दोन गोल तोंडाला तोंड लावून साखळीने बांधायचे. आडव्या दांड्याला लोंबकळताना कुणी दिसला तर तो त्या दिवशी घरी.

१ ऑक्टोबर

मुलींच्या संघाची कर्णधार वही घेऊन आली. महिन्याभरात स्टेडियमचा उजेडातला स्लॉट मुलांना, दिव्यांखालचा मुलींना, प्रत्येक वेळी. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ‘मुलांचा सामना आधी आहे’ असं प्रत्येक आठवड्याला म्हणत म्हणत झालं होतं. म्हणजे वर लिहिलेला ०.२३ चा प्रकाश पूर्ण महिना एकाच संघाच्या वाट्याला. तिचं म्हणणं बरोबर, कागदावरच होतं.

आता आलटून पालटून, आणि तक्ता हंगामाच्या सुरुवातीलाच दोन्ही कर्णधारांच्या सहीने लागतो. सामना कुणाचाही असो, बदल करायचा असेल तर दुसऱ्या कर्णधाराला विचारायचं. भांडणं कमी झालीत. माझं कामही.

१० ऑक्टोबर

पावसाच्या दिवसांसाठी हॉल. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ असतं, भोवतीची मोकळी जागा धरली तरी फुटसालच्या (हॉलमधलं पाच-पाच जणांचं फुटबॉल) ४० बाय २० ला कमी पडतं. आम्ही चार विरुद्ध चार खेळवतो, बाकीचे बाहेर. साधा चेंडू आत नेऊ नका, तो छतापर्यंत उडतो. फुटसालचा चेंडू चार नंबरचा आणि कमी उसळीचा असतो: २ मीटरवरून सोडला की ५० ते ६५ सेंटिमीटर. जमिनीवर डाग न पडणारा तळवा हवा, नाहीतर हॉलवाले पहिल्याच दिवशी बाहेर काढतील. त्यांचं चुकतही नाही.

बचावपटूंना हॉलचा कंटाळा येतो. मधल्या फळीला फार फायदा झाला, विशेषतः पाठीमागे बघून चेंडू घेणाऱ्यांना.

१८ ऑक्टोबर

किल्ली. यावर कुणी लिहीत नाही. शाळेच्या गेटची किल्ली एकाच माणसाकडे, तो सुट्टीवर गेला की मैदान असून नसल्यासारखं. आज पाऊण तास फाटकाबाहेर. मुख्याध्यापिका बाईंना पत्र देऊन दुसरी किल्ली मागितली. त्यांची अट: कुलूप लावल्याचा फोटो रोज त्यांच्या फोनवर. आनंदाने.

३० ऑक्टोबर

सध्याची घडी अशी. शाळा, दोन्ही संघ एकाच वेळी, आठवड्यातून तीन दिवस. पाऊस असेल तर त्यातला एक दिवस हॉल. स्टेडियम आठवड्याला दोन स्लॉट, एक उजेडातला आणि एक दिव्यांखालचा. टर्फ फक्त स्टेडियम बंद असेल तर. सत्रं कागदावरच्या हिशेबाएवढी भरतात, कधी एखादं बुडतं. ठरवलेल्या रकमेच्या सव्वापट खर्च झाला. वरचा बराचसा भाग टर्फच्या आगाऊ भाड्यात आणि वाळूत गेला.

शाळेच्या जुन्या गोलतोंडाशी गवताने मुळं धरलीत, पण ओढलं की अजून थोडं सुटतं. दोरी आणखी पंधरा दिवस.

स्टेडियमचा दुसरा बंद दिवा अजून बंद. पुढच्या हंगामाच्या स्लॉटचा अर्ज १५ नोव्हेंबरपर्यंत द्यायचाय. या वेळी तास, मैदानाचा कोणता भाग, दिवे लागणार की नाही, आणि कोणत्या दिवशी कोणता संघ, एवढं सगळं अर्जातच लिहिणार आहे. मसुदा कर्णधारांकडे दिलाय, मुलींच्या कर्णधाराने दोन चुका काढून परत पाठवलाय.